वेन्देलीनची पाणचट दारू

— नाही, पण कोरोनाच्या तपासणीला सैन्य कशाला हो बाई? आख्ख्या स्लोव्हाकियाच्या नाकात काडी घालायची, ती पण शनिवार-रविवारात! कुणाचं हे डोकं? तपासलं की सापडणारच, सापडलं की दवाखाने भरल्याची बोंब, मग आपण घरात कोंडलेले — मला काय कळत नाही होय? आमची झ्देन्का म्हणते, उलटं आहे. माझी लेक हो, आयसीयूत नर्स. म्हणते, बाबा, आज या रांगेत जो सापडेल आणि घरी बसेल, तो पुढं कुणाला देणार नाही. नाहीतर त्यांतलाच एखादा थोड्या दिवसांनी माझ्याकडं व्हेंटिलेटरवर येतो. आता न आलेला पेशंट मोजायचा कसा, सांगा! फोनवर रडली, म्हणून आलो. शिवाय टेस्टच्या कागदाशिवाय सॉमिलमध्ये कामावर येऊ देत नाहीत.

विश्वास ठेवायचा कुणावर? हा शेजारचा वेन्देलीन — दरवर्षी त्याच्याकडची आलुबुखाराची दारू घेतो मी. बूच काढलं की घरभर वास. परवा बाटली उघडली — काही नाही! पाणी घातलंय चोरानं. घसा जळतो म्हणा, पण वास शून्य. मिरची टाकली असेल हरामखोरानं. तोंडावर बोललो, तर म्हणतो, ओन्द्रेय, तुझंच काहीतरी बिघडलंय. बघा उर्मटपणा! म्हटलं, साक्षीदार पाहिजे. बाटली घेऊन आईकडं गेलो — ऐंशी उलटलीय तिची, हात थरथरतात, दुपारचं सूप मीच भरवतो. प्याला नाकाशी धरला, तर म्हणाली, "बाळा, काय दरवळतंय रे!" म्हणजे तिलाही फितवलं त्यानं! वर तिचं ते आंबवलेल्या कोबीचं सूप — तेही हल्ली बेचव लागतं. वासच नाही. कोबीला, बाई! एरवी गल्लीच्या टोकाला येतो. आता कोबीत कोण पाणी...

का हो, मागं का सरकलात?

नाही, बरोबर केलंत. आणखी सरका. झ्देन्का म्हणाली होती, टेस्ट होईपर्यंत आजीकडं जाऊ नका. मी म्हटलं, तुमचे डाव कळतात मला. आणि गेलो. कालही गेलो, आज इथं यायच्या आधीही. सूप फार गरम होतं हो. तिला भाजू नये म्हणून चमच्या-चमच्याला फुंकर घातली मी.

तो शिपाई बोलावतोय. तुम्ही जा. माझ्याकडं काय बघताय — जा ना!