जागरूक पालकाचा अर्ज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या शिक्षणाधिकारी मॅडम, व्यासपीठावरचे सर्व पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी हार सांभाळत अवघडून बसलेले त्यांचे यजमान, माझे सहकारी शिक्षक, कार्यालयातली मंडळी, शिपाईमामा, सकाळपासून हे सभागृह तीनदा झाडून काढलेल्या मावशी, पालक आणि आजी-माजी विद्यार्थी मित्रहो,

सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचं सात मिनिटांत प्रास्ताविकसुद्धा होत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. ते माझेच विद्यार्थी. तेव्हा थोडं इकडंतिकडं झालं तर त्यांनी चिठ्ठी पाठवू नये, ही विनंती.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंचे सगळे गुण सांगून टाकले. वाचनालय संध्याकाळी उघडं राहतं ते बाईंमुळं, मुलींसाठी नीट दार लागणारी स्वच्छतागृहं झाली ती बाईंमुळं, फी भरली नाही म्हणून कुणाला वर्गाबाहेर उभं करायचं नाही हा नियम बाईंचा. सगळं खरं आहे. मीही घरून एक भाषण लिहून आणलं होतं. त्यात ‘दीपस्तंभ’ हा शब्द दोनदा आला होता. बायको म्हणाली, बाई एकदाच निवृत्त होतायत, दोन दीपस्तंभ कशाला? ते भाषण मी खिशातच ठेवतो. मला आज दुसरं बोलायचं आहे, आणि ते बोलायला मला बाईंनीच सांगितलं आहे.

मुलं मला मागं ‘काटकोन’ म्हणतात. म्हणतात ना? तिथं मागच्या रांगेत हसू फुटलं, म्हणजे अजून म्हणतात. ताठ चालतो म्हणून. या ताठपणाचीच गोष्ट आहे.

दहा वर्षांपूर्वी बाई या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या. तेव्हा आपल्याकडं दहावीच्या चार तुकड्या होत्या, अ ते ड. कागदावर त्या गुणांवरून पडत. प्रत्यक्षात त्या रस्त्यावरून पडत, हे इथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मोठ्या रस्त्याच्या अलीकडची, कॉलनीतली मुलं अ आणि ब मध्ये. पलीकडची, नाल्याच्या कडेच्या पत्र्याच्या घरांतली मुलं क मध्ये आणि ड मध्ये. ड तुकडीचा वर्ग टाकीच्या मागं होता. मोटर सुरू झाली की शिकवलेलं ऐकू यायचं नाही. तशी तक्रारही कधी आली नाही, कारण त्या मुलांचे आईवडील तक्रार करायला शाळेत येत नसत. त्यांचा दिवस बुडाला असता.

वर्षाचं वेळापत्रक मी करायचो. चौदा वर्षं मीच करत होतो, शिसपेन्सिलीनं, मोठ्या कागदावर. पद्धत सोपी होती. जो ज्येष्ठ, त्यानं आधी वर्ग निवडायचा. पहिल्याच उन्हाळी सुट्टीत बाईंनी तो कागद टेबलावर पसरला आणि विचारलं, “सर, ड ला गणित कोण शिकवतं?”

मी म्हटलं, “सगळ्यांचं निवडून झालं की जे उरतं ते.”

“कोण उरतं?”

“नवीन कुणीतरी. नाहीतर रजेच्या जागेवर आलेलं.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला की त्या चष्मा पुसतात, हे मला नंतर कळलं. म्हणाल्या, “म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त शिकवायची गरज, त्याच्यासमोर सगळ्यात कमी शिकवलेला माणूस. यंदा उलटं करूया. ड ला तुम्ही.”

मंडळी, मी त्या क्षणी ‘हो’ म्हटलं. बाहेर आलो आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. कित्येक वर्षं अ तुकडी माझी होती. बोर्डात आलेल्या मुलांच्या फोटोंत मी उभा असायचो, मधोमध.

ड मध्ये पहिल्या चाचणीत मी पेपर तपासायला बसलो, तर तपासायला काही नव्हतंच. मुलांनी चूक लिहिलं नव्हतं, कोरं सोडलं होतं. मी बाईंना म्हटलं, यांना काहीच येत नाही. बाई म्हणाल्या, “चुकलं की हसतात, कोरं सोडलं की कुणी काही म्हणत नाही. एवढं तरी ते शिकलेत. तुम्ही त्यांच्याकडून आधी चुका मिळवा.” मग मी चुकांना अर्धा गुण द्यायला लागलो. अ च्या वर्गात हे केलं असतं तर पालकांनी मला घरी पाठवलं असतं.

पंधरा दिवसांत वह्या भरल्या. एकाहून एक चुका होत्या. मला कित्येक वर्षांनी शाळेत जावंसं वाटायला लागलं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ताठ कसा चाललो असतो?

तिथं खिडकीजवळ एक मुलगी बसायची. तिच्या घरी चपलांचे तळ कापायचं काम चालायचं. मी क्षेत्रफळ शिकवत होतो. रबराच्या एका शीटमध्ये किती तळ बसतील, असं गणित मी तिच्याकडं बघून मुद्दाम घातलं. मी मांडून दाखवलं, भागाकार केला, उत्तर लिहिलं. ती उभी राहून म्हणाली, “सर, एवढे कमी नाही बसत. एक सुलटा, एक उलटा मांडायचा. मधलं वाया जात नाही, चार जोड जास्त निघतात.” फळ्यासमोर येऊन तिनं काढून दाखवलं. बरोबर होतं. तोवरच्या एकवीस वर्षांत असली गणितं मी चुकीची सोडवत आलो होतो, आणि अ मधल्या एकाही हुशार मुलानं मला सांगितलं नव्हतं.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली. मिळाली, धन्यवाद. बसा.

आता तुम्ही म्हणाल, सगळं इतकं छान चाललं होतं तर पुढं काय झालं? पुढं मी भाजी आणायला गेलो. तिथं अ मधल्या एका मुलाचे वडील भेटले. म्हणाले, “सर, ऐकलं ते खरं का? तुम्हाला ड ला टाकलं?” टाकलं. हा शब्द मी पिशवीतून घरी आणला. मग मेव्हण्यानं जेवताना विचारलं, “काय दाजी, बाईंशी वाजलं काय?” एकूण तीन जणांनी विचारलं असेल. तेवढे तीन पुरले.

त्या आठवड्यात संस्थेकडं एक निनावी अर्ज आला. टाइप केलेला. खाली सही नव्हती, फक्त ‘एक जागरूक पालक’ एवढंच. त्यात लिहिलं होतं की नवीन मुख्याध्यापिका अनुभवी शिक्षकांची अवहेलना करतात, गुणवंत विद्यार्थ्यांवर अन्याय करतात आणि शाळेची उज्ज्वल परंपरा धोक्यात आणतात.

तो अर्ज मी लिहिला होता.

थोडं पाणी घेतो.

माझं एकही मूल या शाळेत नव्हतं. पालक मी इथल्या कुणाचाच नव्हतो, आणि जागरूक किती होतो ते तुम्हाला आता दिसतंच आहे. पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. संस्थेनं बाईंकडं लेखी खुलासा मागितला. बाई तो अर्ज घेऊन सरळ माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “सर, कार्यालयीन भाषा मला जमत नाही. तुमचा हात चांगला आहे. उत्तर लिहायला बसाल का?”

आणि मी बसलो. माझ्याच अर्जाला उत्तर लिहायला, त्यांच्या शेजारी, त्यांनी मागवलेला चहा पीत. मध्येच त्या म्हणाल्या, “कोण असेल हो हा माणूस? भेटला तर बोलता येईल. त्याला वाटतंय, त्याच्या पोराचं काहीतरी हिसकावून घेतलंय. बिचारा घाबरलाय.” मी मान हलवली.

त्या खुलाशात मी एक वाक्य घातलं: ‘सदर व्यवस्था केवळ प्रायोगिक तत्त्वावर करण्यात आलेली आहे.’ बाईंनी त्यावर बोट ठेवलं. “हा प्रयोग नाही, सर. हे असंच असायला हवं.” मी समजावलं, बाई, कागदावर सौम्य लिहावं लागतं, त्यानं संस्था शांत होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

संस्थेच्या ज्या बैठकीत तो खुलासा वाचला गेला, तिला हजर असलेले दोघं आज व्यासपीठावर आहेत. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढं आलेला अर्जही माझा आणि खुलासाही माझाच. त्यांनी एवढंच म्हटलं की प्रयोगच आहे, तर सहामाहीला आटोपतं घ्या. दोन्ही बाजूंनी मीच खेळत होतो, दुसरं काय होणार होतं?

सहामाहीनंतर मी अ मध्ये परतलो. मुलांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. ड ला रजेच्या जागेवर एक गृहस्थ आले, ते दीड महिन्यात दुसरीकडं गेले. ड मध्ये अडतीस मुलं होती. मी वर्ग सोडला तेव्हा त्यांतली पंचवीस तरी गणितात पास होतील, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. झाली अकरा. खिडकीजवळची ती मुलगी त्या अकरांत नव्हती.

अ चा निकाल नेहमीसारखा लागला. फोटो निघाला. मी मधोमध होतो.

बाईंनी हार मानली का? दर उन्हाळी सुट्टीत त्या वेळापत्रकाच्या कागदापाशी येऊन मला विचारायच्या, “सर, यंदा?” आणि मी म्हणायचो, “बाई, परिस्थिती अनुकूल नाही.” नऊ वर्षं त्यांनी विचारलं. नऊ वर्षं मी हेच उत्तर दिलं. परिस्थिती म्हणजे मीच होतो, हे त्यांना कसं कळावं? आज या व्यासपीठावर त्यांच्या कामाची यादी वाचली गेली, ती लांब आहे. त्या यादीत जे सगळ्यात वर असायला हवं होतं, ते नाही. ते मी होऊ दिलं नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीत गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही, धीर झाला नाही. शेवटी म्हणाल्या, “माझ्या निरोपाला तुम्ही बोलणार आहात ना? तिथं हे सांगा. माझं कौतुक नको. माझ्या जागी येणाऱ्या नव्या बाई समोर बसलेल्या असतील, त्यांच्या कानावर जाऊ दे. आणि त्या चपलावाल्या मुलीला समारंभाला बोलवा.”

मी तिला बोलवायला गेलो. आता पंचवीस वर्षांची आहे. त्याच घरात, त्याच मशीनवर तळ कापते. मला बघून गडबडीनं उठली, स्टूल पुसून दिलं. बाईंचं ऐकून हळहळली, पण म्हणाली, “सर, त्या दिवशी माल द्यायचाय, जमायचं नाही.” मी निघालो, तर दारापर्यंत आली. म्हणाली, “सर, एक विचारू? खूप दिवस विचारायचं होतं. आम्ही चाचणीत कमी पडलो म्हणून तुम्हाला आमच्या वर्गावरून काढलं ना? तुम्हाला फार बोलणी बसली असतील. आम्ही तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की तुमची माफी मागायची. पण अ च्या वर्गात कसं यायचं, म्हणून राहिलं.”

दहा वर्षं. अडतीस मुलांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली होती आणि ती माझी माफी मागणार होती.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “तसं काही नाही गं,” आणि तिनं दिलेलं पाणी पिऊन निघून आलो. तिथंही खरं बोललो नाही. समोर संस्था होती, नोकरी होती, म्हणून दहा वर्षांपूर्वी घाबरलो असं म्हणता येईल. परवा समोर फक्त ती होती.

नव्या बाई, तुम्ही पुढच्या आठवड्यात खुर्चीवर बसाल. माझं एक वर्ष उरलं आहे. वेळापत्रकाचा कागद मी तुमच्याकडं देतो, पेन्सिलीसकट. मला कुठला वर्ग द्यायचा ते मला विचारू नका. तो अर्ज अजून कार्यालयात आहे. उद्या सकाळी मी त्याच्याखाली माझं नाव लिहिणार आहे, पूर्ण, हुद्द्यासह.

मोठ्या बाई, तुमच्या दिवसातली माझी मिनिटं मी माझ्याच गोष्टीत घालवली. तुम्ही सांगितलंत म्हणून घालवली, पण त्रास तुम्हालाच झाला असेल. तुमच्यासारखी मुख्याध्यापिका या मुलांना मिळाली होती आणि मी ती त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचू दिली नाही, याचं मला दुःख आहे. यापेक्षा जास्त काही मला बोलता येत नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, सूत्रसंचालकांनी दुसरी चिठ्ठी लिहून फाडली, ती मी पाहिली, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घ्या. बोलण्यातलंच तेवढं घ्या. बाकीच्याची माफी मागायला मला मोठ्या रस्त्यापलीकडं जायचं आहे, ती मुलगी माल घेऊन बाहेर पडायच्या आत. तेव्हा अध्यक्षमहोदय, मी चहाला थांबत नाही.