कुंडलिकेची ओटी

विम्याचं काय सांगता मला! आमचा विमा आईनं चहाच्या कपासोबत बुडवला.

रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी आमचं तांदळाचं दुकान होतं, मागेच घर. आदल्या पुरात सगळी पोती कुजली होती. पुन्हा तसं झालं असतं तर दुकान संपलंच असतं. म्हणून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मुंबईहून विमा कंपनीचा माणूस बोलावला.

"इथं पाणी येतं का?" त्यानं विचारलं.

"छे! खालच्या आळीतच थांबतं," अण्णा म्हणाले.

साहेबानं पेन उघडलं, आणि त्याची नजर दाराच्या चौकटीवर गेली. "ही कुंकवाची बोटं कसली?"

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"नदी दारात आली की आम्ही तिची ओटी भरतो," ती कौतुकानं म्हणाली. "पाणी जिथवर चढतं तिथं कुंकू लावतो. माहेरवाशीण हाय ती, आल्याशिवाय राहत न्हाय."

अण्णा तिला डोळ्यांनी खुणावून थकले. साहेबानं पेनाला टोपण लावलं. सगळ्यात वरचं बोट त्याच्या डोक्याच्याही वर होतं.

"आणि हे?"

"त्या साली माळ्यावर बसून भरली."