दिवाळसणाचा टायगर

...नाही, पण जुनंच द्यायचं होतं तर नवं म्हणून विकायचं कशाला, एवढंच त्या माणसाचं म्हणणं होतं! तुम्हीच सांगा, काय चुकलं सयाजीचं? भर दुकानात, ऐन दिवाळीच्या गर्दीत लोक हसले हो त्याला! हसण्यासारखं काय होतं त्यात? जो माणूस बैलाचा जबडा उघडून वय सांगतो, भाताची मूठ नाकाशी नेऊन यंदाचं का गेल्या सालचं ते सांगतो, त्याच्या हातात तुम्ही एक चकचकीत डबी ठेवता, जिला ना दात ना वास, आणि वर म्हणता, काका, हे जुनंच आहे पण नवीन आहे... अरे, म्हणजे काय?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमचाही सयाजी व्हायचा.

सयाजी पोलादपूरकडचा. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला घर, खाली भाताची खाचरं, वर उताराला नाचणी. एकुलती एक मुलगी प्रियदर्शिनी, ती दोन हजार सहाच्या वैशाखात दिली महाडला, रितेशला. रितेश एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत ऑपरेटर, पाळीपाळीनं कामाला, मुलगा सरळ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आता लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे जावयाचा दिवाळसण आला की नाही? आला! सोन्याची अंगठी घालायची ठरलेली, ठकूबाईनं, म्हणजे सयाजीच्या बायकोनं, सोनाराला सांगूनही ठेवलेलं. आणि वसुबारसेला चार दिवस असताना शेजारच्या किराणा दुकानात मुलीचा फोन.

"बाबा, अंगठी नको. ह्यांना गेमचं कलेक्शन पायजे."

"कसलं सेक्शन?"

"कलेक्शन, बाबा! टीवीवर खेळायचं. टायगर टॉवर म्हणून जुने तीन गेम हायत, ते आता एका सीडीत नव्यानं काढलेत. आन् ह्यांना काय विचारू नका हां, ते लाजतात."

फोन ठेवला आणि ठकूबाई कपाळाला हात लावून बसली. "सोनं नको म्हन्नारा जावई कदी बघितलाय काय वो तुमी? नक्की काय तरी बिनसलंय!" आणि त्या बिनसल्याच्या धास्तीनं दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हा गडी महाडला हजर. पहिला दिवाळसण हो! तो चुकला तर सासरा जन्मभर चुकला!

दुकान कुणाचं, तर आमोदचं. बाजारपेठेत, कॉम्प्युटर, मोबाइलची कव्हरं, सीड्या, सगळं एकात. आमोद बोलायला गोड. त्यानं डबी काढून काचेवर ठेवली. वर एक वाघ, मागच्या दोन पायांवर उभा, अंगात लाल बनियन.

सयाजीनं विचारलं, "नवं हाय ना?"

"एकदम नवीन, काका. गेल्याच महिन्यात आलंय."

"मंग हे जुनं कसं?"

"गेम जुने. पंधरा वर्षांपूर्वीचे. कलेक्शन नवीन."

"म्हंजे जुनंच."

"नाही हो, नव्यानं रिलीज झालंय!"

"म्हंजे हे जुनं हाय का नवं?"

आता इथं लोक पहिल्यांदा हसले. पण सयाजी खोट्या स्वभावाचा नाही, तो खरंच विचार करत होता. करता करता त्याचा चेहरा उजळला. "हां हां, जुन्या तांदळासारकं! जेवडं जुनं तेवडं म्हाग!" आमोदला वाटलं गिऱ्हाईक आलं हाताशी. तो म्हणाला, "बरोब्बर काका! आणि आता वरून पॉलिशसुद्धा केलंय!"

झालं! पॉलिश म्हटल्याबरोबर खिशाकडे निघालेला हात मागं आला. पॉलिश केलेल्या तांदळात कस काय राहतो? काही नाही! पेज करून बघा तुम्ही!

तेवढ्यात शेजारी माउस निवडत उभा असलेला एक मुलगा मध्ये पडला. शौनक त्याचं नाव, लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, "काका, माझं ऐका, मी तिन्ही गेम संपवलेत. नुसता रंग मारलाय. संगीत बदललंय. दुसऱ्या भागात विहिरीमागं एक चोरदरवाजा होता, तो बुजवलाय."

"बुजवला? का रे?"

"तेच तर ना, काका!" म्हणजे बघा, एवढा शिकलेला मुलगा, त्यालाही माहीत नाही दरवाजा का बुजवला!

"मंग घ्यायचं का नाय?"

शौनकनं चष्मा सारखा केला. "त्याचं असं आहे, ज्याच्याकडे जुने तीन आहेत त्यानं घेऊ नये. ज्यानं कधीच खेळलं नाही त्यानं जरूर घ्यावं. आणि ज्यानं लहानपणी खेळलंय, त्यानं आठवणीसाठी घ्यावं, पण खेळू नये."

घ्यावं, पण खेळू नये! आता मला सांगा, हा काय सल्ला झाला? पण सयाजी एवढं ऐकून काय समजला, की सगळा प्रश्न जावयाचा आहे. जावई तिघांतला कोणता? आणि आजवर सासऱ्यानं जावयाला पगार विचारला, गोत्र विचारलं, पत्रिका बघितली, पण टायगर कुणी विचारला होता?

मुलगी म्हणाली होती विचारू नका. पण माणूस किती सहन करणार? सयाजी टमटममध्ये बसला आणि थेट एमआयडीसीत कंपनीच्या गेटसमोर, चहाच्या टपरीवर जाऊन बसला. नाकाला रुमाल. तीनला पाळी सुटली, बस भरल्या, मोटरसायकली सुटल्या, आणि त्यात रितेश. सासऱ्याला बघून पोराचा चेहरा पांढराफटक!

"मामा! कोणाला काय झालं?"

"कोणाला काय नाय. सगळी बरी हायत." मग विषय कसा काढायचा? सयाजीनं आडून काढला. "रितेशराव, तुमाला ल्हानपनी टायगर झालाय काय?"

"काय झालाय?"

"टायगर."

रितेशनं जरा आठवून बघितलं. "गोवर झालेला मामा... कांजिण्या झालेल्या..."

बघा, केवढा गुणी जावई! सासरा विचारतोय म्हणजे काहीतरी असणार म्हणून आठवत बसला! शेवटी सयाजीनं कपाळावरचा घाम पुसला आणि सगळं सांगून टाकलं, दिवाळसण, कलेक्शन, बुजवलेला दरवाजा, सगळं. आणि विचारलं, "मंग आता तुमीच सांगा, जुनं पायजे का नवं?"

रितेशनं हातातलं हेल्मेट बाकावर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "मामा, मला त्यातलं काय कळत नाय. दहा मिनिटं बघितलं तर डोकं दुखतं माझं. मशीन माझ्या भावानं मुंबईवरनं दिलंय, ते खरं. पण खेळते ती."

"कोन ती?"

"प्रिया. मी दुपारपाळीला निघालो की बसते. लय भारी खेळते, मामा. आमच्या चाळीतले दोघंतिघं शिकायला येतात तिच्याकडं." आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या पोरानं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मला अंगठी चालली असती."

आता काय करायचं? तिथं, त्या टपरीवर, सयाजीच्या हातातला चहा निवून गेला. कारण त्याला काहीतरी आठवलं. मुलगी सातवीत होती तेव्हाचं. पोलादपूरला स्टँडजवळ एका खोलीत नाणं टाकून गेम खेळायची मशिनं आली होती, आणि कुणीतरी येऊन सांगितलं, तुझी पोर रोज शाळा सुटली की तिथं असते, सगळ्या मुलग्यांत एकटी! सयाजी तसाच गेला आणि वेणीला धरून तिला बाहेर काढली. चार लोकांसमोर. आणि ती रडली ती वेणी ओढल्यानं नव्हे, लोक बघतात म्हणूनही नव्हे. घरी येईपर्यंत एकच बोलत होती, "बाबा, शेवटच्या मजल्यावर होता वो तो... शेवटच्या मजल्यावर होता..." कोण होता, कुठल्या मजल्यावर, हे सयाजीनं कधी विचारलंच नाही. त्याला आपलं वाटलं, पोरीच्या नादी कुणी मुलगा लागलाय! त्यानंतर वर्षभर तो तिला शाळेत सोडायला आणि आणायला जात होता, बिचारा.

आणि तो वाघ होता हो! लाल बनियनमधला!

दुकान बंद व्हायच्या आत सयाजी परत आमोदसमोर उभा. शौनक अजून तिथंच, माउस काही पसंत पडत नव्हता. सयाजी म्हणाला, "द्या ते. ल्हानपनी खेळलेल्यानं आठवनीसाठी घ्यावं, असं हा म्हनालाय."

"पण खेळू नये असंही म्हणालो मी," शौनक म्हणाला.

"ते तू तिला येऊन सांग, बाबा. माझी नाय छाती!"

आमोदनं डबी गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "मग काका, काय ठरलं? जुनं की नवं?" सयाजीनं डबी पिशवीत टाकली आणि सोनाराकडं जाऊन अंगठी जरा कमी वजनाची करायला सांगितली. दोन्ही तर द्यायलाच हवं होतं, करतो काय माणूस?

पाडव्याला जोडी आली. मोटरसायकलवर, मध्ये पिशवीत ते मशीन. रितेशला पाटावर बसवला, ओवाळला, अंगठी घातली. पोरगा इतका खूश, की येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच हातानं नमस्कार! आणि दुपारी जेवणं झाल्यावर सयाजीनं पिशवीतनं डबी काढून मुलीपुढं सरकवली. जावयाकडं नाही हां, मुलीकडं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, तो कौलं मोजत होता. बापाकडं बघितलं. बाप म्हणाला, "लाव. बघू दे तरी."

लावलं. घर भरलं बघायला. शेजारचा मालोजी विडा चघळत अगदी पुढं येऊन बसला, ठकूबाई जावयाला लाडू वाढायचं सोडून दारात उभी. आणि प्रियदर्शिनीची बोटं अशी चालली, अशी चालली, की भात लावताना बाया चालवतात ना, तशी! तासाभरात तिनं पहिल्या दोन भागांचा फडशा पाडला.

सयाजीला राहवेना. "तोच हाय काय गो?"

"तोच हाय, बाबा." मग बटणं दाबता दाबता, "पन पयला असा गुबगुबीत नव्हता. आन् तो टॉवर केवढा उंच वाटायचा तेव्हा..."

"मंग फशिवलं काय आपल्याला?"

"फशिवलं नाय."

"मंग तेच हाय ना?"

"तेच पन नाय."

"अगो, म्हंजे जुनं हाय का नवं?"

"मला पन नाय कळत, बाबा," ती म्हणाली, आणि पडद्यावरची नजर काही हलली नाही. घ्या! जिनं लहानपणी खेळलं तिलाही कळत नाही, तर सयाजीला दुकानात हसणारे ते लोक कोण लागून गेले?

आणि मग वाघ आला शेवटच्या मजल्यावर. आणि तिथं, अगदी तिथं, त्या पोरीनं खेळता खेळता एकदा मान वळवून मागं दाराकडं बघितलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. बापाच्या आलं.

"खेळ," सयाजी म्हणाला. "कोन नाय वढत."

ती हसली, वळली, वाघानं उडी घेतली... आणि लाईट गेली.

पाडव्याची दुपार, दोन वाजून दहा मिनिटं, लोडशेडिंग! पडदा काळा, पंखा बंद. पहिलं तोंड उघडलं ते मालोजीनं. त्याच्या नातवानं ह्याच गेमसाठी दसऱ्यापासून हट्ट धरलेला. तो म्हणाला, "सयाजी, खरं सांग, घेन्याजोगं हाय काय रे?"

सयाजीनं काळ्या पडद्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि भिंतीला टेकून पाय लांब केले.

"लाईट आली की सांगतो."