वहिनी, माझी काठी पाहिलीत का?

अहो जावईबापू, हाताने नको! बंद करा आधी ते फांद्या चिरायचं मशीन. पूर्ण बंद. हां — आता ही काठी घ्या. लाकडीच हवी, लोखंडी सळई आत गेली की पात्यांचे तुकडे अंगावर उडतात. लांब फांद्यांचं काय, रोलर आपणहून ओढतो. अडतो तो बारीक पाला, नेमका तोंडाशी. तो हिने लोटायचा. आणि हिलाही ओढलं तर सोडून द्यायची, तिच्यात जीव नाही अडकवायचा. उभं राहायचं बाजूला, बाह्या घट्ट — मला कसं माहीत? तुमच्या सासऱ्यांचं ऐकून ऐकून. भिंतीला भिंत लागून आहे, कान काय काढून ठेवू?

हो, त्यांचीच आहे ही. मूठ बघा, स्वतः तासलेली.

माझ्याकडे कशी — अहो, मधल्या भिंतीला टेकवलेली होती. त्या दिवशी माझ्या दोरीचा बांबू मोडला, ओल्या चादरी मातीला लागायला आल्या, म्हणून हिचा टेकू दिला. तासाभराचा तर प्रश्न! आणि पलीकडून तुमचे सासरे विचारतात, "वहिनी, माझी काठी पाहिलीत का?" — आता काढली तर चादरी पुन्हा कोण धुणार? मी म्हटलं, नाही हो भाऊजी.

एवढंच. नाही हो भाऊजी. — मग थोड्या वेळाने मशीनचा आवाज जड झाला. फांदी आत गेली की होतो ना, अगदी तसाच. मला वाटलं, जाड फांदी असेल.

स्ट्रेचरवरून नेताना बघितलं त्यांनी — चादरींकडे, काठीकडे, मग माझ्याकडे. आणि ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यापासून सगळ्यांना एकच सांगतात, घाई केली मी. तुमच्या सासूबाई अजून बोल लावतात त्यांना, "दोन मिनिटं काठी शोधता आली नाही तुम्हाला?" — माझ्यासमोर हो, मीच काहीतरी वाटीत घालून घेऊन गेलेली असते. आणि ते आपले उरलेल्या हाताने चहा ढवळत बसतात. एकदा तरी बोलावं की नाही माणसाने? भांडावं, चार शिव्या द्याव्यात — भांडायला मी कधी मागे हटलेय?

असे बघू नका माझ्याकडे. सांगायचं तर सांगा सासूबाईंना. नाहीतर... तुमचं तुम्ही बघा. जा आता, कामाला लागा. आणि काही लागलं तर मला विचारू नका. फाटक उघडून सरळ घेऊन जा.