गिटारसाठी संपर्क

निर्मळच्या बसस्टॉपवर बसची वाट पाहणाऱ्या क्षितिजाच्या शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं. पीटरनी मांडीवरची पेटी उघडली. आत जुनी गिटार होती, व्हायोलिनसारखी फुगीर पोटाची, ताज्या पॉलिशची.

"फिलोमिना, वर्षभर खपून हिचे सांधे जुळवले. जाहिरात देऊन महिना झाला, तरी एकही फोन नाही?"

"नाही हो. जुन्या गिटारीला कोण विचारतंय आता?"

"डेरिकला काय सांगू? पोरगा नव्या फ्लॅटमध्ये हिला जागा नाही म्हणतो."

"सांगा, गिऱ्हाईक मिळेना. आपण काय करणार?"

"वसईला नव्या तारा बसवू, मग तरी कोणी विचारेल. थांब, बसचं विचारून येतो."

पेटी बायकोकडे देऊन ते टपरीकडे वळले, तोच तिचा फोन वाजला.

"हॅलो. हो, गिटारचाच नंबर. कामणहून येताय? नका येऊ हो, ती कालच गेली. नाही, तशी दुसरी कुठली मिळायला."

पीटर परत आले.

"कोणाचा फोन?"

"आपल्या रिचेलचा. रविवारी चर्चमध्ये मिस्साला पप्पा वाजवणार ना, विचारत होती."

"रिचेल सकाळी मोबाईल घरीच विसरून गेलीय."

फिलोमिना पेटीची कडी लावत राहिली.

"अगं, मोबाईल माझ्याकडेही आहे. जाहिरातीत नंबर तुझा का दिला असेल मी?"

"बस आली. पेटी मी घेते. तुम्ही चढताना बोटं सांभाळा, रविवारी वाजवायचंय."