स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन

लिनक्सचा कर्नल, म्हंजे कॉम्प्युटर चालवणारा गाभा, चालताना आतून काय करतो, ते मला बघायचं होतं बघा. मंग कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला सांगितलं, प्रत्येक फंक्शनच्या, म्हंजे कोडमधल्या एकेका कामाच्या तुकड्याच्या, सुरुवातीला माझ्या नोंद घेणाऱ्या फंक्शनला हाक घाल. त्यानं बराबर घातली, अन् मशीन सुरूच होईना.

मशीन होतं नवीन जालना भागातल्या बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसातलं, मित्र महावीरनं स्वतःच्या जबाबदारीवर दिलेलं. सोमवारी परत द्यायचं होतं. मी पार चक्रावून गेल्तो.

महावीर म्हणला, "नोंद घेणारं बी फंक्शनच हाय ना?"

"हो."

"मंग त्याच्यातबी हाक पडली असंल."

खरंच, ते न थांबता पुन्हा पुन्हा स्वतःलाच बोलवून राह्यलं होतं, पुढं काही सरकतच नव्हतं. तेवढ्या एका फंक्शनात हाक घालू नको म्हणून कंपायलरला सांगितलं, मशीन उठलं.

"तुला कसं कळलं रे?"

"कळलं कुठं? कर्नल म्हंजे काय, तेच मला अजून समजलं न्हाई."