आक्का, अर्धा तरी अ‍ॅडजस्ट कर की

अगं, आमच्या निपाणी-बेळगावात मराठी बोला न्हायतर कन्नड, ‘अ‍ॅडजस्ट’ म्हटल्याबिगर कुणाचं काम होत न्हाय. बशीत सीट पायजे, अ‍ॅडजस्ट करा. भाजीत मीठ जास्त झालंय, अ‍ॅडजस्ट करा.

परवा बोरगावात माझ्या भावाच्या लेकीचं लगीन होतं. आदल्या दिवशी ब्लाउज घालून बघितला तर पाठीवरचे हूकच लागंनात. तशीच टेलर अण्णांकडं गेले.

“अण्णा, उद्या लगीन हाय. जरा उसवून अ‍ॅडजस्ट करा की.”

अण्णांनी ब्लाउज उलटा करून शिवण चाचपली. “आक्का, गणपतीला एक शिलाई सोडली, दिवाळीला दुसरी. आता आत कापडच उरलं न्हाय. ह्या खेपेला तुमीच अ‍ॅडजस्ट व्हा.”

“एका रात्रीत?”

“हूक पार कडेला लावून देतो. उद्या फक्त जेवू नका.”

लग्नात श्वास धरून पंगतीला बसले. शेजारी नव्या विहीणबाई. भाऊ लाडू घेऊन आला. मी पानावर आडवा हात धरला. त्याला वाटलं, मी रुसलेय.

“आक्का, माझ्या लेकीचं लगीन हाय. अर्धा तरी अ‍ॅडजस्ट कर की.”

त्याचं तोंड बघून खाल्ला. पाठीमागं टक्कन आवाज झाला, मग दुसरा. विहीणबाई जेवायच्या थांबून माझ्याकडं बघायला लागल्या.

मी पदर पाठीवरनं घट्ट ओढून घेतला आणि भावाला म्हटलं, “उरलेला अर्धा बी वाढ रं. आता जागा झालीया.”